शिकारी कुत्र्याला जीपीएस पट्टा : अमेरिकन रेडिओवालाच पाहिजे असं कुणी ठरवलं?

माळावरचा

काल एमएच१३_कारवान यांनी इथं टाकलं की कारवान जातीचं शिकारी कुत्रं पोसायची ऐपत असेल तर अमेरिकन रेडिओवाला जीपीएस पट्टाच घ्या, रेंज चौदा किलोमीटर, सिमवाले पट्टे म्हणजे खेळणी, दुबईवरून कुणी येत असेल तर बॅगेतून मागवा, विषय संपला. खाली वीसेक पोरांनी अंगठे दाखवलेत. उद्या त्यातला एखादा खरंच पैसे घालवून बसेल म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

जीपीएस आणि रेंज या दोन गोष्टींची गल्लत पहिल्यांदा थांबवा. पट्टा सॅटेलाइटकडून नुसतं ऐकतो, त्याच्याशी बोलत नाही. आपण कुठं आहोत ते पट्ट्याला कळतं, पण ते तुम्हाला सांगायचं कसं? एक तर सिम टाकून मोबाईल टॉवरमार्फत, नाहीतर रेडिओवरून थेट तुमच्या हातातल्या यंत्राला. तो अमेरिकन पट्टा, म्हणजे गार्मिन अल्फा, हा दुसऱ्या प्रकारातला. अमेरिकेत त्याला १५१ ते १५४ मेगाहर्ट्झमधले मर्स नावाचे रेडिओ चॅनल विनापरवाना मोकळे आहेत. आपल्याकडं नाहीत. इथं व्हीएचएफवर, म्हणजे असल्या लहरींवर, सिग्नल सोडायचा तर केंद्राच्या दूरसंचार खात्यातल्या डब्ल्यूपीसीचा परवाना लागतो. परवान्याशिवाय मोकळं आहे ते मोजकंच, जसं ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ, छोट्या वॉकीटॉकीचं ४४६ आणि वायफायवालं २.४ गिगाहर्ट्झ. म्हणजे बॅगेतून आणलेलं यंत्र चालू केलं की तुम्ही नियम मोडला, आणि वॉरंटी तर विसराच.

आणि ते चौदा किलोमीटर मोकळ्या नजरेच्या टप्प्यातले. कुत्र्याची अँटेना जमिनीपासून दोन-सव्वादोन फुटांवर. मंगळवेढ्याच्या बाजूला ज्वारी डोक्याएवढी असते, मधे एखादा बांध, एखादा ओढा आला की त्या चौदाचे किती उरतात ते जाऊन बघा.

कारवानवाल्यांनी आणि पश्मीवाल्यांनी (पश्मी म्हणजे लांब केसांची कारवान) आणखी एक ध्यानात घ्यावं. या कुत्र्यांचं डोकं निमुळतं, मान बारीक असली तरी डोक्याएवढीच रुंद, कधी जास्तच. कुत्र्यानं मागं सरकून झटका मारला की साधा बकलचा पट्टा कानावरून निघून जातो. पट्टा शेतात आणि कुत्रं गायब, मग मोबाईलवर बघत बसा. मार्टिंगेल पद्धतीचा, ओढला की आवळणारा रुंद पट्टा आधी घ्या, ट्रॅकर त्यावर चढवा. रेडिओवाल्या पट्ट्याचं वजन पाव किलोच्या पुढं जातं. बावीस-पंचवीस किलोच्या बारीक मानेच्या कुत्र्याला दिवसभर ते कशाला? सिमवाले चाळीसेक ग्रॅममध्ये मिळतात.

---

एमएच१३_कारवान

मालक, पुस्तकी ज्ञान भारी आहे पण सोलापूरजवळच्या बोरामणीच्या पलीकडं माळावर कधी उभं राहिलायत का? तिथं फोनवर एक दांडी येते, ती पण टेकाडावर चढल्यावर. सिमवाला पट्टा मी वापरलाय. कुत्री गेली ओढ्यात, अ‍ॅप दाखवतंय "घरी आहे". मी घरातच बसलेलो आणि समोर खुंटा रिकामा. अर्ध्या दुपारी लोकेशन आलं ते पण जुनं, कुत्री तोवर दुसऱ्या गावच्या वस्तीवर. टॉवरच नाही तिथं सिम काय करणार बे? आणि महिन्या-वर्षाला रिचार्ज वेगळा.

परवान्याचं म्हणाल तर सगळ्या माळावर मी एकटा, माझ्या सिग्नलनं कुणाचं विमान पडणार आहे? अडवायला येतंय कोण तिथं?

---

मेंढका_सांगोला

तुम्ही दोघंबी पैशेवाले हायसा. आमच्या मेंढरांच्या वाड्यावरच्या कुत्र्याच्या गळ्यात काट्याचा पट्टा असतोय, लोखंडी खिळं भायेर काढल्याला. लांडगं आलं की पहिलं मानंला धरतंय म्हणून. त्या खिळ्यावर ही डबी बसवायची कुठं? चामड्यात आत बसवली तर खरूज हुती, वर बसवली तर दुसऱ्याच दिशी कुत्र्या-कुत्र्याच्या भांडणात तुकडं. कुणाकडं उपाय असंल तर सांगा, मी खरंच इचारतोय. आमची कुत्री हरवत न्हाईत पण पावसाळ्यानंतर कोकणात वाडा गेला की घाटात चोरीला जात्यात.

---

गवताळ

एक प्रश्न कुणीच विचारत नाहीये म्हणून मी विचारते. एमएच१३, तुमची कुत्री चौदा किलोमीटर लांब जाऊन करते काय? बोरामणी, मार्डी, नान्नज या पट्ट्यात मोकळी सोडलेली कारवान सशामागं नाहीतर चिंकाऱ्या-काळविटामागंच पळते. उगाच "व्यायाम" म्हणू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच कुत्र्यानं पाठलाग करणं बसतं, मारलंच पाहिजे असं नाही. प्रयत्न केला तरी शिकार. काळवीट तर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणात आहे.

पट्टा कोणता घ्यावा याच्या आधी कुत्रं सोडावं का, हा प्रश्न आहे.

---

एमएच१३_कारवान

आली बाई कायदा घेऊन. मी सशाचं नाव तरी काढलं का? आमच्या आज्याच्या काळापासून घरात कारवान आहेत, या जातीचं रक्तच धावायचं आहे, साखळीला बांधून ठेवली की आजारी पडते, पाय चावत बसते. तुम्ही शहरात बसून लांडग्याचे फोटो काढायचे आणि आम्ही आमच्याच रानात कुत्रं सोडायचं नाही? माळढोक पक्ष्याच्या नावाखाली किती वर्षं लोकांना साधी विहीर खोदता आली नाही ते विसरलात का?

---

गवताळ

विसरले नाही, आणि तुम्हीही पुढचं विसरू नका. माळढोक अभयारण्य १९७९ चं, ८,४९६ चौरस किलोमीटर, त्यात गावंच्या गावं आली, लोकांना त्रास झाला हे खरंय. म्हणून ते कमी करून १,२२२ वर आणलं. मग काय झालं? माळ वाचला? जिथं गवत होतं तिथं प्लॉटिंगचे दगड रोवले गेले, सोलर आलं, वनीकरणाच्या नावाखाली गवतात ग्लिरिसिडियाची झाडं लावली. माळढोक बघायला आता नान्नजला जाऊन उपयोग नाही, आणि "पडीक जमीन" म्हणून गवताळ माळाची नोंद होते तोवर उरलेल्यांचंही तेच होणार.

कुत्र्यांचं म्हणाल तर हा भावनेचा विषय नाही. मोकळ्या कुत्र्यांकडून डिस्टेंपर हा जीवघेणा रोग लांडग्या-कोल्ह्यांत जातो. पुण्याजवळ लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झालेला प्राणी जनुकीय तपासणीत सिद्ध झालाय. शुद्ध लांडगा आपल्या जिल्ह्यात आहे ही केवढी मोठी गोष्ट आहे आणि आपण त्याच्या घरात कुत्री सोडतोय. मार्डीच्या रस्त्याला संध्याकाळी तीन कुत्र्यांनी कोकराएवढं काळविटाचं पाडस घेरलेलं मी बघितलंय, पाडस ओरडत पण नव्हतं, नुसतं उभं होतं, आणि मालक मोटारसायकलवर बसून व्हिडिओ काढत होता.

---

अकलूज_ऊसवाला

मॅडम तुमचं पाडस दिसलं, आमचं रानडुक्कर कुणाला दिसत नाही. एका रात्रीत मक्याचा अर्धा तुकडा लोळवून जातं. पंचनाम्याला दहा फेऱ्या, भरपाई आली ती बियाणाच्या पैशाएवढी पण नाही. डुक्कर मारायला लेखी परवानगी मिळते म्हणतात, ती मिळेपर्यंत मका कापून होतो. मग माणूस कुत्री ठेवणारच की.

आणि उसात जीपीएस चालतो का ते सांगा कुणीतरी. आमच्या कुत्र्याला डुकरानं मांडीत सुळा मारला, ते उसात जाऊन पडलं, कण्हण्याचा आवाज येत होता पण सरी सापडत नव्हती.

---

गवताळ

परवानगीला उशीर होतो हे मान्य. कुत्रं घालणं हा त्यावर उपाय नाही, तुमच्याच कुत्र्याची मांडी फाटली ना?

---

बार्शीकर

इथं सगळेजण कारवान कारवान करतायत, ते मुधोळच आहे. २००५ साली पोस्टानं तिकीट काढलं ते मुधोळ हाउंड म्हणूनच.

---

एमएच१३_कारवान

बार्शीकर, तिकिटावर काय छापलं त्यावरून जात ठरत नाही. कर्नाटकातल्या मुधोळच्या घोरपडे राजांनी नाव मोठं केलं, कुत्रं आधीपासून या सगळ्या मुलखात आहे. हा विषय परत काढू नका, मागच्या वेळी यावरून तीन लोक ग्रुप सोडून गेले.

---

माळावरचा

पट्ट्यावर या सगळ्यांनी.

अकलूजकर, उसात सिग्नल कमी होतो पण मरत नाही. पाल्यात पाणी असतं, ते सिग्नल खातं, त्यामुळं ठिपका वीस-तीस मीटर इकडं तिकडं उडतो. उपाय दोन. पट्ट्याचा जड भाग गळ्याखाली राहिला पाहिजे म्हणजे अँटेना आपोआप मानेवर, आभाळाकडं येते. उलटा फिरणारा पट्टा घेऊच नका. दुसरं, पट्ट्यात बझर आणि लाईट असावा. ठिपक्यानं तुम्हाला योग्य पट्टीपर्यंत न्यायचं, पुढं आवाजानं सरी सापडते. जखमी कुत्र्यासाठी बझर हा सगळ्यात कामाचा भाग आहे आणि जाहिरातीत तो सगळ्यात खाली लिहिलेला असतो.

एमएच१३, तुमचा पट्टा "घरी आहे" दाखवत होता त्याचं कारण तुम्ही सांगितलंच नाही. टू-जी होता का? स्वस्तातले बहुतेक ट्रॅकर अजून टू-जीवरच असतात, आणि जिओला टू-जी नाहीच. त्यात जिओचं सिम घालून लोक कंपनीला शिव्या देतात. फोर-जी पट्टा घ्या, सिम टाकायच्या आधी तुमच्या शिवारात दोन-तीन कंपन्यांचे फोन घेऊन फिरा, ज्याची दांडी ओढ्यात पण टिकते त्याचंच सिम. आणि नेटवर्क नसताना ठिपके साठवून नंतर एकदम पाठवणारा पट्टा बघा, म्हणजे निदान कुठल्या वाटेनं गेली ते तरी कळतं.

आणि लोकेशन किती वेळानं येतं ते विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. कारवान पंचेचाळीसच्या स्पीडनं धावते असं धरा. मिनिटाला एक ठिपका म्हणजे दोन ठिपक्यांत पाऊण किलोमीटर. दहा सेकंदाला एक म्हणजे सव्वाशे मीटर. अल्फा अडीच सेकंदाला देतो म्हणजे तीस मीटर, तिथं तो भारी आहे, ते मी नाकारत नाही. पण सिमवाल्यात "लाईव्ह" मोड असतो, कुत्रं सुटलं की तेवढ्यापुरता चालू करायचा, नाहीतर बॅटरी संध्याकाळ बघत नाही. मे महिन्यात आपल्याकडं ४३-४४ ला पारा जातो, त्या उन्हात बॅटरीचं आयुष्यही घटतं, कुत्र्याचं तर विचारूच नका.

विहिरींचं कुणीच बोललं नाही. आमच्या शेजारच्या मळ्यातली पश्मी गेली तेव्हा शेवटचा ठिपका बांधाच्या कडेला येऊन थांबलेला. सगळे पुढं ओढ्याकडं हुडकत राहिले. ठिपका होता तिथं करवंदीच्या जाळीमागं कठडा नसलेली जुनी विहीर. खाली खडकाच्या कपारीवर पुढचे दोन पाय टेकून पश्मी पाण्यात उभी, पट्टा पाण्याखाली. पाण्याखालून ना जीपीएस चालतं ना सिम. ठिपका अचानक थांबला तर पहिल्यांदा तिथली विहीर बघा.

---

एमएच१३_कारवान

टू-जीच होता. पण विकणाऱ्यानं तसं सांगितलं नव्हतं, डब्यावर नुसतं "जीएसएम" लिहिलेलं. ठीक आहे, बॅगेतून मागवायचं मी आता कुणाला सांगणार नाही, तेवढं मागं घेतो. बाकी सिमवर माझा विश्वास नाही तो नाहीच. टॉवर नसलेल्या माळावर तुमच्याकडं उत्तर काय आहे ते सांगा.

---

सर्किटवाली

उत्तर आहे, फक्त तयार डब्यात मिळत नाही. लोरा, म्हणजे कमी विजेवर लांब पोचणारा रेडिओ. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालतो, आपल्याकडं परवाना लागत नाही, सिम नाही, रिचार्ज नाही. त्यावर चालणाऱ्या मेशटॅस्टिक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये भारताचा बँड निवडायचा, एक नग कुत्र्याच्या पट्ट्यात, एक तुमच्या खिशात आणि एक वस्तीच्या पाण्याच्या टाकीवर. टाकीवरचा नग सगळ्यात महत्त्वाचा, उंची मिळाली की मोकळ्या माळावर काही किलोमीटर सहज जातं. तोटे पण सांगते. अडीच सेकंदाला ठिपका विसरा, हा हळू चालणारा प्रकार आहे. आणि पाणी जाणार नाही असा डबा तुमचा तुम्हाला करावा लागतो.

मेंढका_सांगोला दादा, तुमच्या काट्याच्या पट्ट्याचा विचार करतेय. खिळे बाजूंना आणि वर असतात, खाली गळ्याकडं सहसा रिकामी जागा सोडतात ना? बॅटरी तिथं चामड्याच्या दोन पदरात आणि अँटेनाची पातळ तार दोन खिळ्यांच्या ओळींमधून वर. पण तार लोखंडाला चिकटली की रेंज संपली, मधे रबर पाहिजे.

आणि अ‍ॅपलचा एअरटॅग कुणी सुचवायच्या आधीच सांगते. तो ब्लूटूथवर चालतो, जवळून जाणाऱ्या आयफोनवर अवलंबून. सोलापूरच्या नवी पेठेत चालेल. माळावर मेंढराकडं आयफोन नाही.

---

मेंढका_सांगोला

ताई खाली जागा असतीय, बरोबर. खरूज हुईल का पण?

---

सर्किटवाली

रोज रात्री काढून पुसला तर नाही. ओला पट्टा तसाच ठेवला तर होणारच.

---

गवताळ

दादांच्या कुत्र्यासाठी पट्टा लावा, माझा त्याला विरोध नाही, ते कुत्रं मेंढरांजवळ राहतं. एमएच१३, तुम्ही अजून उत्तर दिलं नाही.

---

एमएच१३_कारवान

मोकळी सोडतो ती माझ्या कुंपणाच्या रानात, सकाळी. सुटली तर सुटली. यापेक्षा जास्त उत्तर तुम्हाला देणं लागत नाही.

---

गवताळ

सुटते म्हणूनच तर पट्टा घेताय. ठिपका नान्नजच्या बाजूला सरकला की तुम्हाला दिसेलच, तेव्हा गाडी काढून आणायला जा, एवढंच म्हणतेय.

---

माळावरचा

फोर-जी पट्ट्यात हद्द आखता येते. रानाची कड नकाशावर काढून ठेवा, कुत्री बाहेर पडली की फोन वाजतो. पण मिनिटाला एक ठिपका ठेवलात तर फोन वाजेपर्यंत ती पाऊण किलोमीटर पुढं असेल, म्हणून सकाळी सोडताना दहा सेकंदावर ठेवायचा. एमएच१३, बोरामणीच्या त्या टेकाडावर कुठल्या कंपनीची दांडी येते?

---

एमएच१३_कारवान

टेकाडावर एअरटेल. ओढ्यात काहीच नाही. सर्किटवाली, तो टाकीवरचा नग कितीला पडेल?