चुन्याचं काम येणारा गवंडी हवा आहे – जुना वाडा, शुक्रवार पेठ, कोल्हापूर (तातडीने)

वाडा_शुक्रवार
नमस्कार मंडळी. शुक्रवार पेठेत पणजोबांनी बांधलेला वाडा आहे. काळ्या दगडाचं जोतं, वर विटा आणि माती, सागवानी खांब-तुळया, मंगलोरी कौलं. पुढं सोपा म्हणजे ओसरी, मध्ये चौक, मागं परडं. पाडायचा नाही. नीट करून राहायलाच यायचं आहे.
अडचण एकच, गवंडी टिकत नाही. येतो, भिंत ठोकून बघतो, "चुन्यातच करूया" म्हणतो, थोडं काम करतो आणि मग फोन उचलत नाही. वळीव सुरू व्हायच्या आत निदान सोप्याची बाजू उरकायची आहे. मी पुण्यात नोकरीला, रोज येऊन उभं राहणं शक्य नाही. शब्दाला जागणारा माणूस माहितीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, दरही सांगा. "पाडून अपार्टमेंट बांधा" हा सल्ला घरातूनच भरपूर मिळतोय, तो इथं नको.

कौलारू
कुठली भिंत? किती उंचीपर्यंत खराब? फोटो एकही नाही. वरून गळतंय की खालून ओल चढतेय? ही दोन वेगळी दुखणी आहेत, औषधही वेगळं.

वाडा_शुक्रवार
फोटो चढत नाहीयेत. रस्त्याकडची आणि डावीकडची भिंत. खाली कमरेएवढ्या उंचीपर्यंत गिलावा फुगलाय, पापुद्रे सुटतात, पांढरी भुकटी येते. पण माझा प्रश्न गवंड्याचा आहे.

गर्डरवाला
साहेब, स्पष्ट बोलतो. लाकूड आणि चुना ह्या नादात पैसे जातील. लोखंडी गर्डर टाका, खांबांना आरसीसी जॅकेट करा, वर पत्रा. पन्नास वर्षं बघायला नको. मी स्वतः मंगळवार पेठेत असं केलंय.

चुनाघाणी
पत्रा? वाड्यावर? पावसात आत बसून बोलून दाखवा एकमेकांशी.
धागाकर्ते, पांढरी भुकटी म्हणजे लोणा, ओलीबरोबर भिंतीतून बाहेर येणारे क्षार. एकच सांगा, त्या कमरेपर्यंतचा गिलावा सिमेंटचा आहे का?

वाडा_शुक्रवार
हो. २००५ च्या पुरानंतर काकांनी करून घेतला. वरचा जुना चुन्याचा. हे उघडच आहे म्हणून लिहिलं नाही.

चुनाघाणी
उघड? अहो, सगळं तिथंच आहे.
मातीच्या सांध्यांच्या भिंतीत पाणी जाणारच. जमिनीतून चढतं, पावसाचं झिरपतं. ते परत बाहेर पडायला वाट लागते. चुन्याचा गिलावा ती वाट देतो, सिमेंट बुजवून टाकतो. मग ओल वर सरकत जाते आणि सिमेंट संपतं तिथून बाहेर पडायला बघते. वाळताना क्षार मागं सोडते, तेच गिलावा फोडून बाहेर येतात. वरून कितीही चांगला गवंडी आणून चुना मारा, खालचं सिमेंट तसंच ठेवलं तर दोन पावसाळ्यांत पुन्हा हेच.
सिमेंट हातोडी-छिन्नीनं उतरवा. ब्रेकर लावायचा नाही, विटा हादरतात. नंतर भिंत उघडी ठेवून वाळू द्या, ह्या उन्हाळ्यात तेवढंच करा. वळवाआधी गिलावा उरकायचा हट्ट सोडा. कळीचा चुना विझवून निदान पंधरवडा तरी पाण्याखाली मुरवायचा, जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो. एकास दोन ते तीन वाळू, ओलीच्या जागी थोडी सुरखी, म्हणजे विटांची पूड. पातळ थर द्यायचे आणि ओलं पोतं लावून सावकाश सुकू द्यायचं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो. त्याला वेळ लागतो, तुमच्या शनिवार-रविवारच्या हिशेबात तो बसत नाही.
आणि तुळयांची भिंतीत गेलेली टोकं आजच बघा. पेचकस टोचा. सहज आत गेला तर लाकूड कुजलंय, गिलाव्याच्या आधी टेकू द्या.

रंकाळा_कट्टा
गूळ विसरलासा! चुन्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी पडल्याशिवाय ताकद न्हाई. कोल्हापुरात असून गुळाला काय तोटा हाय व्हय.

चुनाघाणी
घालतात, मीही घालतो. पण अंदाजानं ओतायची वस्तू नव्हे ती. जास्त झाला तर सुकत नाही आणि मुंग्या लागतात.

रंकाळा_कट्टा
आमच्या आजोबांनी काकवी घातलेली. भिंत अजून उभी हाय.

गर्डरवाला
माझी पण उभी आहे.

बंगळूरची_पाहुणी
किती छान प्रकल्प! आम्ही मागे अंबाबाईच्या दर्शनाला आलो तेव्हा अशाच एखाद्या घरात राहायची फार इच्छा होती. तुम्ही होमस्टे का करत नाही? चौकात तुळस, पितळी भांडी, रात्री तांबडा-पांढरा. नक्की चालेल.

शंकेखोर
होमस्टे राहू द्या बाजूला. प्रॉपर्टी कार्डावर नाव कुणाचं आहे? घरफाळा कुणाच्या नावे भरता? माडीवर भाडेकरू आहे का? महापालिकेच्या वारसा यादीत घर आहे का हे नगररचना विभागात पाहिलंत का? गिलावा, रंग, कौलं बदलणं ह्या किरकोळ दुरुस्त्या आहेत, पण भिंत हलवली, उंची बदलली की परवान्याचा विषय येतो. यादीत असेल तर किरकोळ कामालाही आधी विचारावं लागतं. शेजाऱ्यानं "इमारत धोकादायक" असा अर्ज दिला तर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली नोटीस निघू शकते. त्याआधी स्ट्रक्चरल ऑडिट करून ठेवा.

वाडा_शुक्रवार
कार्ड अजून आजोबांच्या नावावर आहे. वारस चौघं आहेत, सगळ्यांची तोंडी हरकत नाही. भाडेकरू नाही. शेजाऱ्यांचा अर्ज वगैरे कशाला येईल? मी फक्त गवंडी विचारतोय हो.

शंकेखोर
तोंडी.

कौलारू
यादीवरून आठवलं. केशवराव भोसले नाट्यगृहाला ऑगस्ट २०२४ मध्ये आग लागली, तेव्हा सगळं गाव हळहळलं. शाहू महाराजांच्या काळात १९१५ साली उभं राहिलेलं पॅलेस थिएटर ते. हळहळायला गाव जमतं, पण आपल्या गल्लीतल्या जुन्या वाड्याची कौलं फुटली तर कुणी वर बघत नाही.

रंकाळा_कट्टा
शेजारचं खासबाग मैदान बी बघा की. तिथल्या कुस्त्या...

पेठेतली_सून
कुस्त्या नंतर. मी जवळच राहते, म्हणून दोन गोष्टी विचारते. पहिली: तुमच्या सोप्याला रस्त्यावरून पायऱ्या किती? पूर्वी किती होत्या?

वाडा_शुक्रवार
आता एक. लहानपणी तीन चढल्याचं आठवतं.

पेठेतली_सून
मग दोन पायऱ्या रस्त्यानं खाल्ल्या. डांबरावर डांबर, त्यावर काँक्रीट. तुमचं जोतं जमिनीत गेलं आणि रस्त्याचं पाणी थेट भिंतीला लागतं. भिंतीलगत उघडी चर काढून तिला उतार दिल्याशिवाय ओल थांबायची नाही. आणि ती चर डावीकडच्या घरासमोरूनच पुढं जाणार, म्हणजे त्यांना विचारल्याशिवाय व्हायची नाही.
दुसरी: गवंडी सोडून गेले ते कुठले होते? आणि गल्लीत तुमचं कुणाशी बोलणं आहे का?

वाडा_शुक्रवार
गवंडी इथलेच, आसपासच्या पेठांतले. बोलणं म्हणजे नमस्कार-चमत्कार. डावीकडचे काका त्यांच्या बाजूनं परांची बांधू देत नाहीत, मजुरांना बडबडतात. मंडळाची मुलं सोप्याच्या कट्ट्यावर रात्री बसायची, तिथं ग्रिल लावलं. परड्याचं दारही बंद केलं, सामान पडलेलं असतं. तेव्हापासून जरा तणातणी आहे, पण त्याचा गवंड्याशी काय संबंध?

पेठेतली_सून
परड्याचं कुठलं दार?

वाडा_शुक्रवार
बोळात उघडणारं. आत आड आहे. लोक कधीही येऊन पाणी शेंदायचे. लहान पोर पडलं तर जबाबदारी माझ्यावर. म्हणून कुलूप.

रंकाळा_कट्टा
भावा!! आडाला कुलूप? आन् गवंडी का पळतोय म्हणून इचारालास?

पेठेतली_सून
आता कळलं. वाडा_शुक्रवार, तुम्ही पुरात इथं नव्हता, म्हणून सांगते. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २०१९ ला आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. नदीकडची उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि शहराच्या नळाला पाणी येईना. सगळीकडं पाणी आणि घरात घागरभर नाही. तेव्हा गल्ल्यांतले जुने आड लोकांनी शेंदले. पिण्याला नाही, भांड्या-धुण्याला, संडासला. ज्याच्या परड्यात आड असतो त्याचं दार त्या दिवसांत सगळ्या गल्लीचं असतं. तुमच्या काकांनी ते कधी लावलं नसणार.
गवंडी इथलाच म्हणता. त्याची बहीण नाहीतर मेहुणा ह्याच गल्लीत असणार. त्याला कुणी धमकावलेलं नाही, फक्त चहा कुणी विचारला नसेल. तेवढं पुरतं.

गर्डरवाला
पण पोर पडलं तर? त्याचा मुद्दा खोटा नाही. माणूस पुण्यात, केस झाली तर?

शंकेखोर
मुद्दा बरोबर आहे, कुलूप हा त्यावरचा उपाय नाही. आडावर लोखंडी जाळी बसवा, बादली जाईल एवढं बिजागरीचं झाकण ठेवा. बाहेरच्या दाराची एक किल्ली गल्लीत कुणाकडं तरी द्या. शिवाजी उद्यमनगरात अशी जाळी कुणीही करून देईल.

चुनाघाणी
चुना मुरवायला आणि गिलाव्यावर पाणी मारायला रोज पाणी लागतं. तुम्ही पुण्यात. ओली पोती सकाळ-संध्याकाळ भिजवणार कोण? गल्लीतलंच कुणीतरी. माझं गणित साधं आहे.

बंगळूरची_पाहुणी
आडाभोवती दिवे लावले तर फोटोला किती सुंदर दिसेल!

वाडा_शुक्रवार
बरं. ह्या रविवारी गेलो होतो. दार उघडलं, डावीकडच्या काकांना बोलावून आड दाखवला, जाळीचं माप त्यांच्यासमोरच घेतलं. किल्ली त्यांच्या घरातल्या वहिनींकडं आहे. काका म्हणाले, आडाचा गाळ २०२१ नंतर काढलेला नाही, तो आधी काढा. मंडळाच्या पोरांनी काढतो म्हणून सांगितलंय, बदल्यात गणपतीत मंडपाचं सामान सोप्यात ठेवायचं आहे. ग्रिलचं एक दार त्यासाठी उघडं ठेवीन. रात्री अकरानंतर बसायचं नाही, हे मी बोललो. ते हसले. बघू.
गवंडी काकांनीच सुचवला, वयस्क आहेत, घाणीत मळलेल्या चुन्यात काम केलेले. ते येऊन भिंत बघून गेले. त्यांनीही सिमेंट उतरवायलाच सांगितलं आणि दिवाळीनंतर गिलावा म्हणाले. तुळईचं एक टोक कुजलंय, टेकू दिलाय.
आता नवा प्रश्न. डावीकडची भिंत सामायिक निघाली. काकांच्या बाजूनं त्यांची न्हाणी आहे, ओल तिकडूनही येते. तिकडचं सिमेंट उतरवायचा खर्च कुणी करायचा?

गर्डरवाला
अर्धा-अर्धा. त्यात काय विचारायचं.

चुनाघाणी
न्हाणी त्यांची, ओल त्यांची, खर्च त्यांचा.

पेठेतली_सून
आत्ता कुठं बोलायला लागलेत दोघं. न्हाणीचा विषय गाळ निघाल्यावर काढा.

शंकेखोर
भिंतीचं जे ठरेल ते साध्या कागदावर का होईना, लिहून दोघांच्या सह्या घ्या. आणि चार वारसांच्या लेखी संमतीचं काय झालं? ते तुम्ही अजून सांगितलेलं नाही.