मदत हवी आहे: दोन लहान मुलं, रात्रीची गाडी आणि मी एकटी

पुढच्या महिन्यात 8 महिन्यांचा मुलगा आणि 3 वर्षांची लेक यांना घेऊन 16 तासांचा रेल्वेप्रवास करायचाय. लेकीची चिंता नाही, खिडकी मिळाली की ती रमते. धाकटा मात्र नुकताच रांगायला लागलाय, दिसेल ते थेट तोंडात! परवा सोफ्याखालचं बाटलीचं झाकण त्याच्या मुठीत सापडलं, अजून धस्स होतं. गाडीत त्याला कसं सांभाळू? पावडरचं दूध तयार केल्यावर 2 तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणून थर्मासमध्ये गरम पाणी आणि पावडर वेगवेगळी नेणार आहे. पण कडेवर बाळ, गाडी हलतेय, अशात बाटली भरता कशी? आणि मलाच टॉयलेटला जायचं झालं तर? दोघांनाही घेऊनच जाता का? कुणी असा प्रवास एकट्याने केला असेल तर प्लीज सांगा.