विमानातल्या रडार-कन्सोलवर बसायचं आहे: प्रवेश कुठून, आणि काम नेमकं काय?

धरमपेठ_ईटीसी

नमस्कार. नागपूरलाच ईटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग) शेवटच्या वर्षाला आहे. वायुसेनानगरसमोरून रोजचं जाणं-येणं आहे, पण मेंटेनन्स कमांड म्हणजे देखभाल-दुरुस्ती, एवढं समजतं. मला विमान उडवायचं नाही आणि हँगरात उभं राहून दुरुस्तही करायचं नाही. उडत्या विमानात मागे रडार, ईएसएम (दुसऱ्यांचे रडार-सिग्नल पकडणारी यंत्रणा), सोनोबॉय (पाणबुडीचा आवाज ऐकायला समुद्रात टाकायचं यंत्र) यांच्या स्क्रीनसमोर जे बसतात, ते काम करायचं आहे. क्लासवाले ‘एफकॅट (वायुसेनेची प्रवेशपरीक्षा) दे, मग बघू’ एवढंच सांगून राहिले. मुलींना यात जाता येतं का? स्क्रीन तर कॉम्प्युटरच भरतो, मग माणूस तिथं काय करतो? आणि इथं बसून आत्तापासून काय शिकता येईल?

ऑरेंजसिटी_विंग

आधी नौदल बघा. पद आहे नेव्हल एअर ऑपरेशन्स ऑफिसर, जुनं नाव ऑब्झर्व्हर. इंजिनिअरिंगला ६० टक्के, दहावी-बारावीलाही ६०, आणि त्यातल्या एका परीक्षेत इंग्रजीला ६० लागतात. मार्कांवर शॉर्टलिस्ट, मग एसएसबी (निवड मंडळाच्या चाचण्या आणि मुलाखत), मग मेडिकल. एझिमलाच्या अकादमीनंतर कोचीच्या आयएनएस गरुडवर ऑब्झर्व्हर स्कूल. मुलींना घेतात. सप्टेंबर २०२० मध्ये तिथूनच दोन महिला अधिकारी युद्धनौकेवरच्या हेलिकॉप्टरसाठी ऑब्झर्व्हर म्हणून उत्तीर्ण झाल्या.

अर्ज भरताना ईटीसीची मुलं सवयीनं टेक्निकल किंवा इलेक्ट्रिकल शाखेला टिक करतात. त्या शाखेतून तुम्ही नेमक्या देखभालीकडे जाल, जे तुम्हाला नको आहे.

वायुसेनेत अवॅक्सच्या, म्हणजे हवेतून टेहळणी करणाऱ्या रडार-विमानाच्या, मागच्या भागात बसणारे बरेचसे फायटर कंट्रोलर (लढाऊ विमानांना रडारवरून मार्ग सांगणारे) असतात. ते एफकॅटच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेशन शाखेतून येतात आणि आधी जमिनीवरच्या रडारवर तयार होतात. २०२२ च्या वायुसेना दिनी वेपन सिस्टिम्स ही नवी शाखा जाहीर झाली, तिच्या चार प्रवाहांपैकी एक विमानातल्या ऑपरेटरचा आहे, त्या जाहिरातीवरही नजर ठेवा. ग्राउंड ड्युटीला २६ वर्षांपर्यंत चालतं, ऑब्झर्व्हरचं दार २४ च्या आसपास बंद होतं. म्हणून क्रम नौदल, मग वायुसेना.

कन्सोल_नंबर_तीन

‘स्क्रीन कॉम्प्युटर भरतो’ हे खरं आहे, आणि म्हणूनच माणूस लागतो. कॉम्प्युटर काय चुकीचं भरतोय आणि काय भरतच नाहीये, हे ओळखणं हेच ते काम.

आधी रडार विमानात घालून वर का नेतात ते बघा. रडारचं क्षितिज किलोमीटरमध्ये काढायचं तर दोन्ही उंच्यांची (मीटरमध्ये) वर्गमुळं घ्या, बेरीज करा, ४.१२ ने गुणा. २० मीटरच्या टॉवरवरच्या रडारला १०० मीटर उंचीवरचं हेलिकॉप्टर ६० किलोमीटरच्या आत आल्यावरच दिसणार. तेच रडार ९,००० मीटरवर नेलं की ४३० किलोमीटर. पण वरून खाली पाहिलं की अख्खी जमीनही रडारचा सिग्नल परत पाठवते. ती गाळायला डॉप्लर वापरतात, म्हणजे जवळ किंवा लांब जाण्याचा वेग. आता एखादं लढाऊ विमान तुमच्या नजरेच्या रेषेला काटकोनात वळलं की त्याचा हा वेग शून्य होतो आणि फिल्टर त्याला जमीन समजून टाकून देतो. ट्रॅक (स्क्रीनवरची त्या विमानाची चालती नोंद) मेला असं नवख्याला वाटतं. मुरलेला ऑपरेटर शेवटची दिशा आणि वेग धरून ट्रॅक पुढे चालवतो, त्या जागी बीम जास्त वेळ ठेवतो, आणि दुसऱ्या कोनातल्या रडारला विचारतो. उलट बाजूनं, वेगाची खालची मर्यादा फार कमी ठेवली तर हायवेवरचे ट्रक ट्रॅक होऊन येतात, फार वाढवली तर हळू हेलिकॉप्टर गायब. ती मर्यादा इलाका बघून ठरवावी लागते.

‘नेत्रा’ घ्या, एम्ब्रेअरवरचं डीआरडीओचं विमान, २०१७ चं. अँटेना पाठीवर, दोन तोंडांचा, एकूण २४० अंश बघतो. नाकासमोर ६० आणि शेपटीमागे ६० अंश आंधळे. म्हणून ते लांबट घिरट्या घालतं, लांब बाजू सीमेला समांतर. टोकाला वळताना सेकंदाला दीड अंशाचा वेग धरला तर आंधळा पट्टा एखाद्या लक्ष्यावरून सरकायला ४० सेकंद जातात. तेवढ्यात ताशी ९०० किलोमीटरचं विमान १० किलोमीटर पुढे गेलेलं असतं. वळायच्या आधी महत्त्वाचे ट्रॅक दुसऱ्याकडे सोपवायचे आणि वळून आल्यावर तेच ट्रॅक तेच आहेत ना हे तपासायचं. इल-७६ वरच्या फाल्कनला ही अडचण नाही, तबकडी न फिरता त्यातले तीन अँटेना मिळून ३६० अंश बघतात.

चुकायची दुसरी मोठी जागा म्हणजे स्वतःचीच दिशा. इनर्शियल यंत्रणा (विमानाची हालचाल मोजून त्याची जागा आणि दिशा सांगणारी) विमान पूर्ण थांबलेलं असताना संरेखित व्हावी लागते, म्हणजे तिची सुरुवातीची दिशा जुळवावी लागते. मध्येच कुणी विमान ओढून हलवलं तर पुन्हा सुरुवातीपासून. दिशेत एका अंशाची चूक राहिली तर २०० किलोमीटरवरचा ट्रॅक साडेतीन किलोमीटर बाजूला पडतो. मग डेटालिंकवर (रडारांनी आपापले ट्रॅक एकमेकांना पाठवायची रेडिओ-जोडणी) जमिनीचं रडार एक विमान दाखवतं, तुम्ही त्याच्या शेजारी दुसरं. सगळे ट्रॅक एकाच बाजूला, अंतराच्या प्रमाणात सरकलेले दिसले की लक्ष्याला दोष देऊ नका, आपलं हेडिंग तपासा.

सुरू करण्याचा क्रमही पाठ हवा: ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्झचा पुरवठा स्थिर, मग थंडावा, मग कॅबिनेट (उपकरणांचे रॅक), मग वेळ आणि इनर्शियल. प्रसारण जमिनीवर नाही. मे महिन्यात नागपूरसारख्या ४५ अंशांच्या अ‍ॅप्रनवर थंड हवेची गाडी जोडायच्या आधी रॅक चालू केले तर ते तापून स्वतःच बंद पडतात.

धरमपेठ_ईटीसी

सर, एक शंका. आयएफएफला (आपला की परका हे रेडिओवरून विचारणारी यंत्रणा) उत्तर आलं नाही तर तो शत्रू धरायचा का?

कन्सोल_नंबर_तीन

कधीच नाही. उत्तर आलं नाही म्हणजे ‘अनोळखी’, बस. १०३० मेगाहर्ट्झवर विचारणा जाते, १०९० वर उत्तर येतं. मध्ये बिघडायला खूप जागा: ट्रान्सपॉन्डर (उत्तर देणारं यंत्र) बंद, गुप्त कोडची चावी कालची, घड्याळ सरकलेलं, वळताना अँटेना पंखाआड. एकाच बीममध्ये, साधारण ३ किलोमीटरच्या फरकात दोन विमानं असली की दोघांची उत्तरं एकमेकांत मिसळतात आणि भलताच कोड वाचला जातो. २७ फेब्रुवारी २०१९ ला बडगामला आपलंच एमआय-१७ आपल्याच क्षेपणास्त्रानं पडलं, सहा हवाई योद्धे आणि एक नागरिक गेले. उड्डाण योजना, मार्ग, उंची, वेग, रेडिओवरचा आवाज, ईएसएमनं पकडलेलं त्याचं रडार, हे सगळं जुळवून मगच ओळख बदलायची. इथं घाई केली तर आपली माणसं जातात.

गच्चीवरचा_अँटेना

सरावासाठी नागपूरइतकी सोयीची जागा नाही. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-कोलकाता अशी दोन्हीकडची विमानं डोक्यावरून जातात. आरटीएल-एसडीआर डोंगल (कॉम्प्युटरला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) घ्या आणि विमानं १०९० मेगाहर्ट्झवर आपली जागा सांगणारे संदेश पाठवतात ते फक्त ऐका. प्रसारण मुळीच नाही, आणि लष्करी विमान दिसलं तर त्याचं काही कुठं टाकू नका. पाव-तरंगाचा अँटेना म्हणजे ६.९ सेंटिमीटरची तार, खाली धातूचा ताटलीएवढा पत्रा. डोंगलसोबतची बारीक केबल लांबवू नका, या फ्रिक्वेन्सीला ती सिग्नल गिळते. डोंगल वर अँटेनापाशी ठेवा आणि यूएसबी खाली आणा. शहरात हमखास येणारी अडचण म्हणजे शेजारचा ९०० मेगाहर्ट्झचा मोबाइल टॉवर. रिसीव्हर दबून जातो आणि विमानं वाढायच्या ऐवजी कमी होतात. गेन (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) सर्वात वर ठेवू नका, एकेक पायरी उतरवत संदेशांची संख्या मोजा, तरी नाही जमलं तर १०९० चा फिल्टर लावा.

१२ मीटरच्या गच्चीवरून ११,००० मीटरवरचं विमान वरच्या सूत्रानं साधारण ४४५ किलोमीटरवरून दिसायला हवं. तुम्हाला प्रत्येक दिशेला किती दिसतं त्याचा नकाशा काढा आणि कमी का पडतं ते इमारत, झाड, टाकी बघून शोधा. जागा सम-विषम अशा दोन संदेशांत येते, जोडी चुकली की विमान नकाशावर उडी मारतं. दोन बिंदूंमधला वेग काढून अशक्य उड्या गाळणारा प्रोग्राम स्वतः लिहा. एसएसबीला प्रोजेक्टबद्दल विचारलं तर सांगायला खरं काही हाताशी राहील.

ऑरेंजसिटी_विंग

सोनोबॉयचं राहिलं. नौदलाची पाणबुड्या शोधणारी पी-८आय विमानं अरक्कोणम आणि गोव्याहून उडतात. बॉय पाण्यात पडला की खालचा हायड्रोफोन (पाण्यातला मायक्रोफोन) आधी ठरवलेल्या खोलीवर उतरतो आणि वरचा भाग व्हीएचएफवर आवाज विमानाकडे पाठवतो. खोली चुकली तर सगळं वाया: गरम पाण्याचा थर संपतो तिथं आवाज वाकतो, हायड्रोफोन थराच्या वर आणि पाणबुडी खाली असेल तर बरीच जवळ असली तरी ऐकू न येण्याचा धोका असतो. म्हणून आधी तापमान मोजणारा बॉय टाकतात, मग बाकीच्यांची खोली ठरते. ध्वनीचं अपवर्तन (वाकणं) समजून घ्या, आणि स्पेक्ट्रम वाचणं, म्हणजे एफएफटी, हे कॉलेजच्या डीएसपीतूनच (डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग) पक्कं करा.

मेडिकलसाठी दोन गोष्टी आत्ताच बघा: रंगदृष्टी, कारण ट्रॅकची ओळख रंगावर असते, आणि कान. ऑडिओमेट्री करून घ्या. पडदा फुटलेला असेल किंवा नाक कायम चोंदत असेल तर अर्जाच्या आधीच ईएनटीला दाखवा, कारण केबिनचा दाब बदलताना नाक बंद असेल तर कान मोकळा होत नाही.