रिमोटच्या विमानाला ३५ सीसी पेट्रोल इंजिन की १२ सेल लायपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी)? एका फ्लाइटला खरंच किती पडतात?

खारघरचा_बाल्सा
दोन वर्षं फोमच्या विमानावर ४ सेलच्या बॅटरीवर रोल, लूप, नाइफ एज या कसरती गिरवल्या. आता ७३ इंची, बाल्साच्या हलक्या लाकडाचं, कसरतींचं (ॲरोबॅटिक) विमान घेतोय. त्यात ३५ सीसी पेट्रोल बसतं, नाहीतर १२ सेलची मोटर. पूर्वी उलव्याकडे उडवायचो, विमानतळामुळे ते बंद झालं. आता मुरबाडच्या बाजूला जातो, तिथे वीज नाही. महिन्यातून तीन रविवार, प्रत्येकी तीन फ्लाइट. हिशेब कोणी मांडलाय का?

कोलशेत_हँगर
मांडलाय. माझ्याकडे दोन्ही आहेत, वहीत चार वर्षांच्या नोंदी आहेत.

विजेचा खर्च विसराच. १२ सेल म्हणजे ६ सेल ५००० एमएएचच्या दोन पॅकची जोडी, एकूण २२२ वॉट-तास. त्यातले ८० टक्के वापरून उतरायचं. चार्जरची गळती धरली तरी ०.२ युनिट, म्हणजे दोन-अडीच रुपये. पैसे जातात ते पॅकमध्ये. मला एक जोडी १८,००० ला पडली. जागेवर चार्जिंग नाही म्हणून तीन जोड्या लागतात. पावसाळ्याचे चार महिने गेले की वर्षाला २४ रविवार उरतात, म्हणजे प्रत्येक जोडीला वर्षात २४ चार्ज. लायपो नुसता ठेवला तरी म्हातारा होतो. माझे तीन वर्षांत संपले, ७२ फ्लाइट. भागाकार करा, फ्लाइटला २५० रुपये. रोज उडवणाऱ्याला तोच पॅक निम्म्याहून स्वस्त पडेल.

पहिली जोडी तर मी मे महिन्यात फुल चार्ज करून कपाटात ठेवली होती. फुगली. नंतर उभ्या चढाईत व्होल्टेज इतकं पडायचं की ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर) पॉवर तोडायचा. कळकळीने सांगतो, घरी आल्यावर त्याच रात्री सेलला ३.८ व्होल्टवर आणा.

पेट्रोलला आठ मिनिटांत साधारण पाव लिटर जातं. लिटरला २५ मिली टू-स्ट्रोक तेल. सगळं मिळून ३० रुपये. पण हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने कार्बोरेटरचे डायफ्रॅम (आतले लवचीक पडदे) कडक होतात आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. जूनच्या आधी टाकी रिकामी करून इंजिन कोरडं होईपर्यंत चालवायचं. दसऱ्याला मी डायफ्रॅमचा किट बदलतोच. व्हायब्रेशनने सर्व्होचे (पंख-शेपटीचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरींचे) स्क्रू सैल होतात, दर रविवारी तपासायचे. तुमच्या बेतात मी पेट्रोल घेईन.

नेरूळ_एफ३ए
दादा, हिशेब पटला, पण मी इलेक्ट्रिकच ठेवलंय. स्पर्धेच्या पॅटर्नमध्ये (ठरलेल्या कसरतींच्या क्रमात) थ्रॉटलला मोटरचा प्रतिसाद दर वेळी तोच असतो, वजन शेवटपर्यंत तेवढंच राहतं आणि हवा-इंधनाचं मिक्श्चर बिघडून इंजिन हवेत बंद पडायची धास्ती नाही. १०० एएचची १२ व्होल्ट लिथियम फेरो-फॉस्फेट बॅटरी गाडीत टाका, पाच-सहा चार्ज निघतात. मग दोन जोड्यांत भागतं, त्या जास्त राबतात आणि फ्लाइटचा आकडा उतरतो.

जुना_ग्लो
ग्लो (मिथेनॉलवर चालणारं इंजिन) कोणी सुचवेल म्हणून आधीच सांगतो. मिथेनॉलला तेवढ्याच हवेत पेट्रोलच्या दुपटीहून जास्त इंधन लागतं, शिवाय त्यात १५ ते २० टक्के तेल, जे उडताना विमानावर सांडतं. मी ३० वर्षं उडवलं, तो वास अजून आवडतो. पण या आकाराला नको.

खारघरचा_बाल्सा
पेट्रोल ठरलं. कोलशेतदादा, इग्निशनसाठी वेगळी बॅटरी आणि रिमोटवरून बंद करायचा किल-स्विच दोन्ही लागतील ना?

कोलशेत_हँगर
दोन्ही. किल-स्विच आधी जमिनीवर दहा वेळा तपासा, मगच प्रॉपला (पुढच्या पंख्याला) हात लावा.