अनुभव धागा : जुन्या फाइली नव्या कॉम्प्युटरवर कशा आणल्यात?

माळा आवरताना बाबांच्या ११ फ्लॉप्या सापडल्या, साडेतीन इंची. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास चार दुकानं फिरून यूएसबीवाला फ्लॉपी ड्राइव्ह मिळाला, नऊ वाचल्या, दोन नुसत्याच करकरल्या. फाइली वर्ड ९५च्या, नवा वर्ड उघडेचना. वर्डच्याच ऑप्शन्समध्ये ट्रस्ट सेंटर आहे, तिथली फाइल ब्लॉक सेटिंग्जमधली खूण काढली तेव्हा उघडल्या, आणि आत बघतो तर डोक्यावर टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं, मराठीचा म पण नाही! तुम्ही काय केलंत लिहा प्लीज.

पेठकर
फाइल ठीक आहे हो, भानगड फॉन्टची आहे. मी अप्पा बळवंत चौकात डीटीपी करायचो. इस्की, म्हणजे भारतीय अक्षरांना ठरलेले नंबर देणारं स्टँडर्ड, १९९१चं, आणि युनिकोड, म्हणजे जगातल्या लिप्यांसाठीचं तसंच स्टँडर्ड, त्याची पहिली आवृत्तीपण त्याच वर्षाची, पण आम्ही अक्षरांचे नाही, फॉन्टमधल्या चित्रांचे नंबर साठवायचो. डीव्हीबी सुरेख या तेव्हाच्या मराठी फॉन्टमध्ये खालच्या नंबरांवर इंग्रजी आणि वरच्यांवर मराठीचे तुकडे, म्हणून त्या टोप्या. तो फॉन्ट टाकलात की मराठी दिसेल, पण सर्च होणार नाही, त्याला युनिकोडच करावं लागतं. आणि ते करणारा कन्व्हर्टर फुकटचा असला तर आधी वेलांट्या आणि रफार बघा. तेव्हा पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवली जायची आणि रफार नंतर, युनिकोडात बरोब्बर उलटं. माझ्या एका पुस्तकात ‘वर्ष’चं ‘वषर्’ आणि ‘कार्य’चं ‘कायर्’ झालेलं, २०० पानांत. फाइंड-रिप्लेस करून करून बोटं गेली.

फ्लॉपीवाला
आमच्याकडे सोसायटीची इंग्रजी पत्रं वर्डस्टारमधली, वर्डच्या आधीचं टायपिंगचं सॉफ्टवेअर ते. उघडली तर प्रत्येक शब्दाचं फक्त शेवटचं अक्षर बिघडलेलं, मला वाटलं व्हायरस. तर तो जुना वर्डस्टार शब्दाच्या शेवटच्या अक्षरात १२८ मिळवून ठेवायचा, म्हणजे ए ६५ असेल तर १९३. मुलीने पायथॉनच्या चार ओळींत ते वजा केलं, तिला चितळ्यांची बाकरवडी द्यावी लागली. वर्डस्टारमध्ये फाइल सेव्ह करायचं कंट्रोल के डी अजून बोटांत आहे, मुलगी हसते.

कोथरूडची मावशी
मी सरळ परत टाइप केलं. ४० पानं होती, प्रिंटआउट जपून ठेवलेला म्हणून जमलं.

रात्रपाळी
फाइली खूप असतील तर लिब्रेऑफिसला (वर्डसारखंच, पण फुकट) कमांडवरून अख्खं फोल्डर कन्व्हर्ट करायला देता येतं, वर्डपरफेक्ट या जुन्या सॉफ्टवेअरच्या फाइली पण घेतो तो. फक्त कॉपीवर करा, मी ओरिजिनलवरच केलं होतं आणि तक्ते सगळे घसरले.

धागाकर्ता
पेठकर, फॉन्ट टाकला, दिसलं!! मग कन्व्हर्ट केलं, रफार माझेही उड्या मारतायत. बाबा शेजारी बसून तपासतायत, पण कन्व्हर्टरच्या चुका राहिल्या बाजूला, स्वतःचीच १९९८ची वाक्यं बदलत सुटलेत, दोन तासांत तीन पानं झालीत.