आयसीसी (आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय) आणि अमेरिकेचे 'कलम ९८' करार: सही करणाऱ्या देशांचं काय?

सांजवारा: एक शंका आहे. रोम कायदा, म्हणजे हेगचं हे कोर्ट ज्यानं स्थापन झालं तो करार, मान्य केलेल्या देशानं अमेरिकेशी वेगळा करार केला की तुमचा माणूस हेगच्या कोर्टाला देणार नाही, तर मग कोर्टाला दिलेल्या शब्दाचं काय? दोन्ही एकदम कसं चालतं?

मुसाफिर: वाद तिथेच आहे ना. रोम कायद्याचं कलम ९८(२) म्हणतं की दुसऱ्या आंतरराष्ट्रीय करारामुळे हात बांधलेले असतील तर कोर्ट ताबा मागू शकत नाही. पण ते मुख्यतः परदेशात पाठवलेल्या सैनिकांसाठीच्या करारांपुरतं आहे असं बऱ्याच कायदेतज्ज्ञांचं म्हणणं, अमेरिकेला मात्र आपल्या सगळ्याच नागरिकांना सूट हवी होती. २००२ च्या सप्टेंबरात युरोपियन युनियननं सांगितलं की अमेरिकेच्या त्या मसुद्यावर सही करणं कोर्टाच्या सदस्यांच्या बांधिलकीशी विसंगत आहे. रोमानियानं त्याआधीच ऑगस्टमध्ये सही करून टाकली होती!

वाडेकरीण: आणि दबाव किती होता बघा, जुलै २००३ मध्ये अमेरिकेनं सही न केलेल्या सुमारे ३५ देशांची लष्करी मदत थांबवली. दक्षिण आफ्रिका, केनिया तरी नमले नाहीत, मला याचं फार कौतुक वाटतं. गरीब देशाला पैसा आणि कायदा यातून निवडायला लावणं चूकच.

सांजवारा: आणि भारत?

मुसाफिर: भारतानं २६ डिसेंबर २००२ ला दिल्लीत सही केली, पण आपण रोम कायद्यात नाहीच, त्यामुळे हा पेच आपल्याला नाही. शिवाय करार दोन्ही बाजूंनी लागू आहे, म्हणजे आपले लोकही अमेरिका कोर्टाला देणार नाही.