डोंगरात भूकंप झाला तर ट्रक लगेच काढायचा का?

दांडियाबाजारकर
मंडळाने मदतनिधी वेगळा काढायचं ठरवलंय, ते उत्तमच. पण नियम असा येतोय, की भूकंप कुठेही होवो, तिसऱ्या दिवशी बडोद्याहून ट्रक निघालाच पाहिजे. हिमालयासाठी हा नियम मला चुकीचा वाटतो. २००१ च्या भूकंपात कच्छला जोडणाऱ्या सुरजबारीच्या पुलाचं नुकसान झालं होतं, तरी आपण कच्छला पोचलो, कारण मुलूख सपाट. १८ सप्टेंबर २०११ ला सिक्कीम हादरलं, वर पाऊस, जागोजागी दरडी. मदतपथकंसुद्धा वाटेत अडकली. तिथे आपला ट्रक म्हणजे रांगेत आणखी एक.

वाडीतला
अजिबात पटलं नाही. भचाऊजवळ मी स्वतः ट्रकच्या हौद्यात उभा राहून कांबळी वाटली आहेत. एका आजींनी कांबळं घेतलं आणि आधी दावणीच्या म्हशीवर टाकलं. मग दुसऱ्यासाठी हात पुढे केला. थंडी कडाक्याची होती. विचार करत बसलो असतो तर?

रावपुरा
दादा, तुमच्या कामाबद्दल आदरच आहे. पण डोंगरी रस्त्यावर मी साइटला होतो, म्हणून लिहितो. रस्त्यासाठी उताराचा पायथा आधीच कापलेला असतो. भूकंपाने वरची माती-खडक सुटतात आणि एकाच घाटात पाच-सहा ठिकाणी रस्ता जातो. अरुंद जागेत समोर एकच पोकलेन चालतं. तासाभरात मोकळा केलेला तुकडा नव्या धक्क्याने पुन्हा भरतो. मागे गाड्यांची रांग लागली, की त्याच पोकलेनचं डिझेल पुढे येईना आणि ॲम्ब्युलन्स मागे जाईना.

आणि हे महिन्याभरात संपत नाही. उतारावर पडलेल्या भेगांत पावसाचं पाणी मुरतं, तोच डोंगर पुढची काही वर्षं खाली येत राहतो. नेपाळात २५ एप्रिल २०१५ ला ७.८ चा भूकंप, १२ मेला पुन्हा ७.३ चा, पाठोपाठ पावसाळा. चीनकडे जाणारं तातोपानीचं नाकं २०१९ पर्यंत बंद होतं. श्रीमंत न्यूझीलंडलाही कायकोउराचा मुख्य रस्ता उघडायला नोव्हेंबर २०१६ ते डिसेंबर २०१७ लागले. रस्ता नाही म्हणजे सिमेंट नाही, पत्रे नाहीत, भाजी बाजारात जात नाही. आपले पैसे खरे तेव्हा लागतात.

वाडीतला
डिझेलचं ध्यानात आलं नव्हतं, मान्य. पण वर्षाने पैसे द्यायला कोण उभं राहतं? भूकंपाच्या आठवड्यात लोक दागिने काढून देतात, दिवाळीपर्यंत विसरतात. ट्रक दिसतो म्हणून मन हलतं.

दांडियाबाजारकर
मग वर्गणी त्याच आठवड्यात घेऊ आणि निम्मी पुढच्या पावसाळ्यानंतर द्यायची, असं ठरावातच लिहू.

वाडीतला
निम्मी नाही, तिसरा हिस्सा. आणि कच्छ-सौराष्ट्रासाठी ट्रकचा नियम आहे तसाच राहील, त्याला हात लावू देणार नाही. सिक्कीमकडे काही झालं तर माल सिलिगुडीपर्यंत तरी नेऊन ठेवायचा. तिथे गोदाम मिळवून देणारं कुणी ओळखीचं आहे का?